वहीतले खोटे आजोबा

फ्रेंच मी हौसेनं शिकले नाही. लुइझियानातल्या त्या विद्यापीठात समाजशास्त्राची पीएच.डी. करायची तर एक युरोपीय भाषा पास होणं सक्तीचं होतं. का, ते कोणी सांगेना. नापास झालं की असिस्टंटशिप बंद, असिस्टंटशिप बंद की व्हिसा बंद. या जुलमाविरुद्ध मी पहिल्याच आठवड्यात पत्रक लिहिलं होतं. वाटायला आमच्यातलं कोणी तयार होईना. सगळ्यांना ग्रीन कार्ड हवं होतं.

फ्रेंच शिकवणाऱ्या बाई साठीच्या होत्या, इथल्याच, अकेडियन, म्हणजे कॅनडातून हाकललेल्या फ्रेंच लोकांच्या वंशाच्या. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून त्या भूतकाळ आपल्या लोकांच्या इतिहासातून शिकवायच्या. फळ्याच्या डाव्या बाजूला चालत असलेल्या गोष्टी: ते लोक कॅनडाच्या किनाऱ्यावर राहत होते, समुद्राला बांध घालत होते, खाजणात गहू पिकवत होते. उजव्या बाजूला घडून गेलेल्या: इंग्रजांचे सैनिक आले, पुरुषांना चर्चमध्ये बोलावलं, हुकूम वाचला, घरं पेटवली, माणसं जहाजांत भरली. त्यातले काही भटकत भटकत, बऱ्याच वर्षांनी इथे लागले. मला ते ऐकायला आवडायचं, हे कबूल करते.

पण बाईंकडे एक हिरवी वही होती. प्रत्येकाला जवळ बसवून त्या विचारायच्या: तू कोणाची? वडील कोण? ते कोणाचे? गाव कुठलं? ते कधी सोडलं, कोणी सोडायला लावलं? आणि सगळं लिहून घ्यायच्या. म्हणे, आमच्यात माणूस असाच ओळखतात.

हे प्रश्न मला पाठ होते. पुण्यात कॉलेजला असताना आम्ही धरणग्रस्तांची पत्रकं काढायचो, तेव्हा साध्या कपड्यांतला एक माणूस कँटीनमध्ये शेजारी येऊन बसला होता. फार गोड बोलला. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, मूळ गाव. चौथ्या दिवशी गावाकडे काकांच्या दारात पोलीस. माझ्या एका चहामुळे काकांनी दोन दिवस चौकीत काढले.

तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांची कुंडली गोळा करणारी ही बाई कोणासाठी काम करते, हा प्रश्न मला पडला तर त्यात वेडेपणा काय? माझी रूममेट नागपूरची, इंजिनिअरिंगवाली. ती हसून म्हणाली, "यार, तुझ्यावर फाइल उघडायला सरकारला एवढा वेळ कुठाय?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि बाईंना आजोबा बदलून सांगितले. माझे खरे आजोबा शेतकरी. गाव धरणात गेलं, आम्ही माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलो. वहीत मात्र ते शाळामास्तर झाले, आणि घराणं सात पिढ्या एकाच गावात, एकाच घरात. कोणी हललंच नाही.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी बाईंनी वर्गाला आईच्या घरी जेवायला नेलं. आई नव्वदीच्या, व्हरांड्यात खुर्चीत. भात आणि कोळंबीचा दाट रस्सा वाढून झाल्यावर त्यांनी आपली ओळख करून दिली: मी याची, तो त्याचा, तो त्याचा, अशा पायऱ्या चढत थेट जहाजात बसवलेल्या पोरापर्यंत. न अडखळता. पुढे म्हणाल्या, लेकीला शाळेत फ्रेंच बोलली म्हणून शंभरदा माफी लिहायला लावली होती. म्हणून ती आता लिहून ठेवते, कोणी विसरू नये म्हणून.

हेही बनवलेलं असेल, असं मला वाटून गेलं. मी खरंच इतकी संशयी होते.

मग बाईंनी वहीतलं माझं पान मोठ्यानं वाचलं. शाळामास्तर, सात पिढ्या, एकच घर. म्हातारीनं ऐकलं, माझ्या बशीत आणखी भात घातला आणि म्हणाली, "कोणीच हाकललं नाही तुम्हाला? सुखी लोक गं तुम्ही."

मी बशी बाजूला ठेवली. आयुष्यभर ज्या गावासाठी पत्रकं वाटली, ते गाव मी स्वतःच्या तोंडानं पुसून टाकलं होतं. सरकारनं केलं नसेल इतक्या सफाईनं.

परीक्षा तोंडी होती. विषय सगळ्यांना एकच: आपल्या लोकांचं निघणं किंवा टिकून राहणं सांगा. मास्तरांची गोष्ट मला फ्रेंचमध्ये तोंडपाठ होती. ती सांगितली असती तर डोळे मिटून पास होते. मी म्हणाले, वहीतलं खोटं आहे. आणि खरं सांगायला लागले. त्याची तयारी नव्हती. आजोबा भात लावत होते, आजी चुलीपुढे होती, जीप आली, नोटीस वाचली, पाणी चढलं. मध्येच शब्द संपले तेव्हा मी हातानं पाणी किती चढलं ते दाखवलं.

बाईंनी वहीतलं मास्तरांचं पान उघडलं. मग म्हणाल्या, "खरं बोललीस, पण निम्मी क्रियापदं चुकली. पास करत नाही. गुरुवारी पुन्हा ये, हेच सांग."

मी विचारलं, खोटं का सांगितलं ते नाही विचारणार? त्यांनी नकारार्थी मान हलवली. "आमच्याकडेही पूर्वी बरेच जण खोटी नावं सांगायचे. भीती असेल तर सांगतात." त्यांनी मास्तरांचं पान फाडून माझ्या हातात दिलं आणि नव्या पानावर विचारलं, "हं. वडील कोणाचे?"

मी उत्तर द्यायच्या आधी वही उचलली आणि पानाखाली कार्बन पेपर आहे का ते पाहिलं. नव्हता. बाई पेन धरून थांबल्या होत्या. मी आजोबांचं नाव सांगितलं.