मामा बंद करा

आमच्या अर्जुनी मोरगावकडे जुन्या मालगुजारी तलावाला सगळे 'मामा' म्हणतात. हे मला लहानपणापासून माहीत. तरी माझ्या प्रोग्रामांना ते सांगायचं मी विसरले, आणि काकूचं धान जाता जाता राहिलं.

गावच्या पाणी समितीचं हे काम मी दूर कुडव्याला माझ्या घरी बसून केलं होतं. प्रत्येक पाटाला एक प्रोग्राम, तो शेतकऱ्यांचे फोनवरचे निरोप वाचणार. सगळ्यांवर एक मुख्य. शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे टोकाच्या धानाच्या तुकड्यापर्यंत, पाणी पोचवायचं, एवढंच त्याचं ध्येय. कुणी आपल्या मनाने काही करू नये म्हणून वेळापत्रक मी आवळून बांधलं. शिस्तीचा मला भारी सोस. मुख्याचा हुकूम फोनवर येईल तसं पाणी सोडायचं काम पाणकराचं.

ऑक्टोबरात वरच्या पाटावरून एकाने लिहिलं, "मामा बंद करा, धान कापाले आला." त्या पाटाच्या प्रोग्रामने उलट विचारलं, "आपल्या मामांचा नंबर द्या, त्यांचे संदेश बंद करतो." मुख्याचं म्हणणं, वेळापत्रकाप्रमाणे अजून दोन दिवस पाणी. वर कापणीचं धान भिजत होतं आणि टोकाला काकूचं उशिरा पिकणारं भारी धान ऐन लोंब्या निसवताना कोरडं पडलं होतं. काकू एकटीच शेती करते, वर्षाचं खाणं तेवढंच. तिचा फोन आला तशी मी मिळेल त्या बसने निघाले. वाटभर स्वतःला शिव्या घातल्या.

पोचले तर काकूच्या बांधीत घोट्याएवढं पाणी! पाणकर निवांत पाय धूत होता.

"फोन काही म्हनो, वरचा पाट मी बंद केला."

"समितीले विचारलं नाही?"

"काऊन विचारू? टोकापर्यंत पानी न्या, हे समितीनंच सांगतलं ना? कोनाच्या बांधीले कवा पुरे, ते तिथं उभा आहे त्याले समजते."

इतकं हायसं वाटलं की मी बांधावरच्या चिखलातच बसले.

मग सगळं पुन्हा लिहिलं. आपल्या पाटाचं पाणी थांबवायची प्रत्येक प्रोग्रामला मोकळीक. जास्त हवं असेल तर मात्र मुख्याला विचारायचं. वाचलेलं पाणी टोकाकडे. 'मामा' म्हणजे काय, तेही सांगितलं.

आठ दिवसांनी मोबाइलवर आलं, मधल्या पाटाच्या प्रोग्रामने पाणी बंद केलंय. मला न विचारता! रद्द करायला माझा अंगठा गेलाच होता. त्याआधी काकूला फोन लावला.

"येऊन राहिलं पानी," ती म्हणाली. "तू आता काही करू नोको."

मी काही केलं नाही.