आबांसाठी आणलेला पंखा

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांचा उभा जन्म गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं सारण्यात गेला आणि त्या धुरानं छाती कायमची धरली. आणीबाणी उठली त्या सुमाराला ते दोन शब्द बोलायचे, दम घ्यायचे, मग पुढचे दोन. दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं तेव्हा माझं मनगट धरून म्हणाले, "परत तिकडं... न्हाय न्यायचं." मी जोरात मान हलवली. शब्द द्यायला माझं काय जातंय! तो पाळायचा कसा, ते कळेना म्हणून राजारामपुरीतल्या एका तरण्या डॉक्टरांना घरी बोलावलं.

त्यांनी आबांना तपासलं. मी बॅग घेऊन रिक्षापर्यंत गेलो.

"फुप्फुसं आता सुधारणार नाहीत," ते म्हणाले.

"म्हणजे उपचार बंद?"

"छे! आता तर सुरू करायचेत. दम कमी लागावा म्हणून."

"मग बरे होतील?"

"नाही."

"मग...?"

"औषध चालू ठेवा. पुढ्यात उशी देऊन तिच्यावर वाकवून बसवा. खिडक्या उघडा. आणि तोंडावर पंख्याचा वारा द्या, जीव घाबरा होतो तो कमी होईल. घरीच सांभाळता येईल त्यांना."

"अगदी बरोबर," मी म्हणालो. रिक्षा वळल्यावर ध्यानात आलं, आपल्याला ओ की ठो कळलेलं नाही.

"काय म्हणालं डॉक्टर?" काकींनी दारातच धरलं.

"बरं करायचं न्हाय. पर उपचार करायचा. वारा घालायचा."

"आन् तू पोरांस्नी शिकवतोस व्हय रं?"

काकींची चूक नव्हती. दम्याच्या माणसाला वारा लागू द्यायचा नाही, हे आमच्या घरात वेदवाक्य. खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, आबांच्या डोक्याला उन्हाळ्यातही कानटोपी. "वाऱ्यानंच मारायचं हाय काय त्यास्नी?" असं पुटपुटत त्यांनी चिंध्या उपसल्या.

घरात पंखा नव्हता. डॉक्टरांनी केवढा आणायचा ते सांगितलं नव्हतं. मी हिशेब केला : एवढा मोठा आजार, त्याला टेबलावरचा चिमुकला पंखा काय पुरणार? गेलो मंडपवाल्याकडे आणि लग्नात लावतात तो उभा पंखा मागितला.

"कार्य काय हाय, मास्तर?"

"कार्य न्हाय. आबांचं... डॉक्टर म्हणालं, आता बरं व्हायचं न्हाय."

मंडपवाल्यानं हातातली विडी विझवली. "जावा तुमी. समदं पाठवतो."

समदं म्हणजे काय, ते हातगाडी गल्लीत शिरल्यावर कळलं. पंख्याबरोबर सतरंज्या होत्या, पाण्याचं पिंप होतं. गल्लीला आणखी काय हवं? बायका तोंडाला पदर लावून आल्या, बाप्ये टोप्या काढून उभे. आबा कॉटवरून बघत होते.

"कोण... गेलं?" त्यांनी विचारलं.

मी घाईघाईनं पंखा लावला. कॅलेंडर उडालं, कानटोपी उडाली, देव्हाऱ्यातला अंगारा सगळ्यांच्या डोळ्यांत. आबांना धाप लागली. "दवाखान्यात न्या! बघत काय बसलाय?" गल्ली एका सुरात ओरडली. दोघांनी तर कॉटला हातही घातला. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाबरून बटण बंद केलं.

पाती मंदावत गेली. तोंडावरून नुसती झुळूक फिरायला लागली, तसे आबा उशीवर ओणवे झाले, डोळे मिटले. छातीचा भाता हळूहळू बसत गेला.

"ऱ्हाऊ दे... असंच," ते म्हणाले.

असंच कसं ठेवायचं? तो पंखा एक तर वादळ, नाही तर बंद. शेवटी मी तो उंबऱ्याबाहेर नेला, मग अंगणात. माणसं दोन्ही बाजूंना सरकली, आणि त्यांच्यामधून वारा दमून-भागून आबांपर्यंत पोचायला लागला.

"न्यायचं न्हवं?" कॉट धरलेल्यांपैकी एकानं विचारलं.

"म्या कुटं जात न्हाय," आबा म्हणाले. मधे न थांबता, एका दमात. काकी हातातला तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"मास्तर, म्हंजे गुण आला म्हणायचा?" कॉट धरलेल्या दुसऱ्यानं विचारलं.

व्हय म्हणावं, तर आजार होता तिथेच होता. न्हाय म्हणावं, तर आबा काकींना दुधात भाकरी कुस्करायला सांगत होते.

"बघा की," मी म्हणालो, आणि पंखा आणखी हातभर मागे ओढला.