हाताची बुद्धी

"तुझी बुद्धी हातात आहे गं," बाई म्हणाल्या आणि माझ्या हातात खराटा दिला.

मी सातवीत होते. बेलापूरच्या बाजूची, उसाच्या पट्ट्यातली शाळा. बाई नुकत्याच प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. प्रत्येक मुलाची बुद्धी वेगळी, शिकायची रीत वेगळी, असं तिथं शिकून आल्या. गोष्ट खरी होती. पण बाईंनी तिचं काय केलं? वर्गाचे दोन गट पाडले. डोक्यानं शिकणारे आणि हातानं शिकणारे. ना परीक्षा घेतली, ना काही विचारलं. नुसतं बघितलं. बौद्धवस्तीतली आम्ही सगळी पोरं हाताच्या गटात. एकही सुटलं नाही. आमच्या वस्तीत डोकं घेऊन कुणी जन्मलंच नव्हतं म्हणायचं!

डोकेवाल्यांना शिष्यवृत्तीचा जादा तास. त्याच वेळी आम्ही मैदानात. झाडणं, कुंड्यांना पाणी, पाहुणे यायचे असले की रांगोळी. बाई याला कृतीतून शिक्षण म्हणायच्या. वर कौतुक, "यांच्या हाताला वळण उपजतच असतं." लई गोड बोलायच्या. शिवी दिली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

मला गणित आवडायचं. अपूर्णांक तर जीव की प्राण. खिडकीखाली झाडायचं निमित्त करून मी आतला तास ऐकायचे. एकदा आतून बाई ओरडल्या, "तिकडं लांब झाड. धूळ आत येतीय."

माझं डोकं फिरलं. खराटा तिथंच फेकला, वर्गात गेले आणि पहिल्या बाकावर बसले.

"ऊठ. हा तुझा गट नाही."

"न्हाई उठनार."

पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी दंडाला धरून मला बाहेर काढलं आणि आईला बोलावणं धाडलं. आई उसाच्या फडातून तशीच आली. हातावर पाचटाचे ओरखडे. बाई तिला गोडीगुलाबीनं समजावू लागल्या, मुलीच्या कलानं घ्या, अभ्यासाचं ओझं तिला झेपणार नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"हातानं राबायला मी हाय," ती म्हणाली. "तिला गनित शिकवा. शिकवायचं नसंल तर तसं लिहून द्या."

लिहून द्यायची बाईंची छाती नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी आत बसले. शेवटच्या बाकावर, पण आत. माझ्याबरोबर झाडणाऱ्या पोरी मात्र बाहेरच राहिल्या. त्यांच्यातली एकही दहावीच्या पुढं गेली नाही. त्याचा राग माझ्या पोटात अजून आहे आणि तो मी जाऊ देणार नाही.

आज मी याच जिल्ह्यात शिक्षिका आहे. मुलं वेगवेगळ्या रीतीनं शिकतात, हे रोज बघते. कुणाला अपूर्णांक भाकरीचे तुकडे केले की कळतो, कुणाला गाण्यात घातला की, कुणाला फळ्यावर. ज्याला जशी हवी तशी वाट देते. गणित मात्र सगळ्यांना तेच.

आणि माझ्या वर्गात खराटा हजेरीच्या क्रमानं फिरतो. परवा एका बड्या बागायतदाराच्या पोराची पाळी आली. बाप तणतणत शाळेत.

"आमच्या पोराला झाडायला लावता? त्याचं डोकं बघा की, बाई!"

"डोकं हाय ना? मंग झाडायलाबी जमंल."

वर तक्रार करतो म्हणाला. कर म्हटलं. बदली होईल, होऊ दे. जिथं टाकतील तिथं खराटा प्रत्येकाच्या हातात जाईल. आणि गणिताच्या तासाला एकही पोर बाहेर राहणार नाही.