आच्छादनाची मेथी

ब्रिस्टलमधली माझी संपूर्ण शेती एका रविवारी दुपारी उपटली गेली.

‘शेती’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. भाजीपाल्यासाठी कौन्सिलकडून भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्याला इथे अलॉटमेंट म्हणतात. आमच्या तुकड्यावर दोन मोटारी जेमतेम उभ्या राहतील. पण भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तेवढी भूमी पुरते. जमीन खणू नये, उघडी ठेवू नये आणि पीक बदलत राहावे, ही त्रिसूत्री मी अलॉटमेंटच्या प्रत्येक सभेत रंगीत तक्त्यासह मांडत असे. शेजारच्या प्लॉटवरचा ब्रायन दर वेळी “व्हेरी इंटरेस्टिंग” म्हणे, आणि फावडे घेऊन खणायला निघून जाई. (या देशात ‘व्हेरी इंटरेस्टिंग’चा अर्थ ‘आता पुरे’ असा होतो, हे मला निवृत्तीनंतर कळले!)

अलॉटमेंट कमिटीच्या सेक्रेटरी मार्गारेट अधिक स्पष्ट बोलत. “गेल्या वर्षी तुमच्याकडे नुसतं तण होतं. यंदा पाहणीत तण किंवा ओसाड जमीन दिसली, तर प्लॉट वेटिंग लिस्टवाल्यांना जाईल.”

म्हणून मी मेथी पेरली. हेतू शुद्ध शास्त्रीय होता. मेथी जमीन झाकते, तिची मुळे मातीचा कस वाढवतात. फुलावर आली की ती कापून तिथेच पसरायची. कापायची, उपटायची नाही! पाहणीच्या रविवारी प्लॉटवर मातीचा कण दिसत नव्हता. मला इतका अभिमान वाटला, की घरी जेवायला आलेल्या मराठी मंडळींना मी हात वाळण्यापूर्वीच प्लॉटवर नेले.

“अय्या, काय कोवळी मेथी!” लंडनच्या एजवेअरहून आलेल्या कुलकर्णीवहिनी उद्गारल्या.

“ही खाण्यासाठी नाही, वहिनी. हे आच्छादन आहे.”

“म्हणजे?”

“कापून जमिनीवर पसरायची आणि कुजू द्यायची.”



“कुजू द्यायची?” वहिनींनी छातीवर हात ठेवला. “भाऊजी, बरं आहे ना तुम्हाला?”

“थांबा, तक्ताच दाखवतो,” असे म्हणून मी शेडमध्ये गेलो.

तक्त्याची सुरळी सरळ होईना. ती झाल्यावर बाहेर येऊन पाहतो तो दोन डॉक्टर, एक विमानांचा इंजिनिअर आणि वहिनी ओणवे होऊन मेथी उपटत होते. मुळांसकट! उपटायची, माती झटकायची, जुडी बांधायची; हात कसे सवयीने चालले होते. जमीन नांगरल्यासारखी दिसत होती.

“अहो, हे काय करताय!”

“तुमची पण जुडी ठेवलीय हो,” डॉक्टर जोशी म्हणाले.

मी आशेने पत्नीकडे पाहिले. “सुनंदा, तू तरी थांबवायचंस!”

“मी काय थांबवणार? मघाचे धपाटे याच मेथीचे होते. त्या कोपऱ्यातून मीच आणली काल. तुम्ही चार खाल्लेत!”

“बाबा, मार्गारेट येतेय!” आमची कन्या केतकी ओरडली. “वी आर सो डेड!”

मी गुडघ्यांवर बसून एक जुडी, दोऱ्यासकट, जमिनीत परत खोचू लागलो. समोर बुटांची एक जोडी येऊन थांबली.

“हे काय चाललंय?” मार्गारेटनी विचारले.

“लागवड,” मी म्हणालो.

त्यांनी उखणलेल्या जमिनीवरून नजर फिरवली आणि ती सुनंदाच्या कोपऱ्यावर थांबली. तिथली मेथी हिरवीगार उभी होती. “ही कशी राहिली?”

“सिझर्स,” सुनंदा म्हणाली. “ओन्ली टॉप. पुन्हा फुटते. मुळं कोण धुवत बसणार? आय ॲम लेझी.” आणि तिने डब्यातला उरलेला धपाटा पुढे केला.

मार्गारेटनी तो उभ्याने संपवला. वासाने ब्रायन कुंपणापाशी आला, त्याने दोन खाल्ले आणि फावडे टेकवून विचारले, “म्हणजे खणायचंच नाही?”

तीन सभा मी दुसरे काय सांगत होतो!

हिवाळ्यापूर्वी आजूबाजूच्या साऱ्या प्लॉट्सवर मेथी डोलू लागली. कुणी खणेना, कुणी जमीन उघडी टाकेना. आमचा प्लॉटही वाचला. कमिटीने तो फक्त सुनंदाच्या नावावर केला. मला तिथे पाणी घालायची परवानगी आहे, पण तोंड बंद ठेवून!