भूगोलाच्या बाई रस्ता चुकतात

विजयश्रीबाईंना साऱ्या नद्यांचे उगम तोंडपाठ, पण चिंचवडात स्वतःच्या घराची गल्ली त्या आठवड्यातून एकदा तरी चुकायच्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गेल्या वर्षी त्यांनी नववीला टेकडी दाखवायला म्हणून नेलं आणि एका कंपनीच्या गेटवर उभं केलं. वॉचमनने पोरांना ट्रेनी समजून रांगेत लावलं.

म्हणून या खेपेला मुख्याध्यापिका सुभद्राबाईंनी बजावलं, "आज वर्ग पवना नदीवर पोचला नाही, तर यापुढे भूगोल फळ्यावरच. मी स्वतः आले असते, पण मीटिंग आहे."

फळ्यावरची नदी वाहत नाही, आणि तसली नदी शिकवायची विजयश्रीबाईंना मनापासून लाज वाटे.

वर्ग घेऊन निघाल्यावर थोड्याच वेळात त्या चुकल्याच. पण कबूल करतील तर बाई कसल्या? "मुलांनो, नदी कुठे असेल ते आता तुम्ही शोधा," त्या म्हणाल्या. पाणी उताराने नदीकडेच जाणार, म्हणून वर्गातल्या अपेक्षाने बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतलं. ओघळ डावीकडे पळाला, वर्ग त्याच्यामागे. ओघळ संपला की दुसरी बाटली. शेवटी तहानेने कासावीस झालेला वर्ग एका कमानीतून आत शिरला. आत लग्न होतं.

"या पाव्हणं. कुणाकडचं?" नवरीचे आजोबा उद्धवराव फेटा सावरत पुढे आले.

"शाळेकडचे," बाई म्हणाल्या.

"बाई हाय व्हय? मग आशीर्वाद दिल्याबिगर जायाचं न्हाई."

इथल्या लग्नात मुहूर्त टळेल, पण स्टेजवरची आशीर्वादाची भाषणं टळत नाहीत. बाईंच्या हाती माईक आला, आणि माईकवर त्यांना भूगोलाशिवाय काही सुचत नाही.

"ही नदीकाठची सखल जमीन. पूर येतो, म्हणून इथे इमारत होत नाही, म्हणून लग्नाचं लॉन झालं. वरच्या अंगाला कारखाने आले, गावोगावची माणसं आली, त्यांची लेकरं लग्नाची झाली, म्हणून लॉनची तारीख मिळत नाही. वधूवरांनो, सुखी राहा. पावसाळ्यात मात्र इकडे फिरकू नका."

"पण बाई, नदी कुठंय?" अपेक्षाने खालून विचारलं.

ते बाईंनाही ठाऊक नव्हतं.

"ही काय," म्हणत उद्धवरावांनी स्टेजमागचा पडदा सारला. पवना संथ वाहत होती.

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि समोर पाहिलं. पहिल्या रांगेत पैठणी नेसून, मुठीत अक्षता धरून सुभद्राबाई बसल्या होत्या.

"वर्ग वेळेत पोचला हं," त्या घाईघाईने म्हणाल्या. "पुढची सहल कुठे काढताय?"

"तुमची पुढची मीटिंग कुठे आहे, मॅडम?" बाईंनी विचारलं. माईक अजून चालूच होता.