पवित्र गुरुवारचं धुणं

वेदीवर अंथरलेलं पांढरंशुभ्र कापड दर रविवारी तुमच्या डोळ्यांसमोर असतं. ते कोण धुतं, हे तुम्ही कधी विचारलंत का?

मीही विचारलं नव्हतं. सोमवारी सकाळी कॉलेजला जाताना मी चर्चच्या मागच्या फाटकातून जायचो, म्हणून मला ती दिसली. पेरूच्या झाडाखाली ती बसलेली असायची. समोर लोखंडी घमेलं, बाजूला रविवारच्या कपड्यांचं गाठोडं. एकेक कपडा उचलायची, उन्हाकडे धरायची, मग नाकाला लावायची आणि निकाल द्यायची.

"हे पाह्य गा बाबू, फादरच्या झग्याचा गळा. काल लय ओरडले वाटते. खरं बोलले असते तं इतका घाम नसता आला."

सगळे तिला मावशी म्हणत. साठीच्या आसपासची, काटक, गळ्यात काळ्या पोतीत ओवलेला पितळी क्रूस. चर्चचे कपडे तीस वर्षं तीच धूत होती. आमच्या धर्मग्रामाची, म्हणजे या चर्चच्या सगळ्या घरांची, गुपितं पापनिवेदनाच्या पेटीत असतात, असा लोकांचा समज आहे. साफ चूक. ती मावशीच्या घमेल्यात असत.

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, द्राक्षरसाचा पवित्र प्याला पुसायचा एक रुमाल असतो. त्याचं पहिलं पाणी गटारात टाकायचं नाही, मातीत मुरवायचं, असा नियम. मावशी ते पेरूच्या मुळाशी ओतायची. "या झाडाले मिस्सा पोचते," ती म्हणायची, "पुढल्या बाकावरच्यायचं काई सांगता येत नाई."

पुढल्या बाकांविषयी थोडं सांगितलं पाहिजे. आमच्यात जात नाही, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि प्रत्येक वेळी ते पंख्याखालच्या पहिल्या तीन बाकांवरून आलं. त्या बाकांमागे आणखी बाकं, आणि त्यांच्याही मागे सतरंजी. सतरंजीवर बसणारे हातगाडी ओढत, विटा वाहत, दवाखान्यातल्या फरशा पुसत. त्यांना बाकावर बसायला कोणी मनाई केली नव्हती. तशी गरजच पडली नव्हती.

ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की आमचं धर्मग्राम सहा आठवडे दुःखी होई. शुक्रवारी मटण बंद. त्यामुळे पुढल्या बाकांच्या घरी रोहू तळलेला, रोहूचा रस्सा आणि मुलांसाठी कोळंबी. वेदीला जांभळं कापड. ते कापड मावशीच्या घमेल्यात पडलं की पाणी शाईसारखं होई. "पश्चात्तापाचा रंग कच्चा हाय बापा," ती म्हणायची. "दरसाल जाते."

मग यायचा पवित्र गुरुवार. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी फादर बारा माणसांचे पाय धुतात. गुरूने वाकायचं, नोकराचं काम करायचं, असा त्याचा अर्थ. आमच्याकडे हे बारा जण ठरलेले होते. एक कंत्राटदार, एक मुख्याध्यापक, रामदासपेठेतला एक डॉक्टर, दोन वकील, असे. यादी करायचे पॅरिश कमिटीचे, म्हणजे धर्मग्रामाच्या समितीचे सेक्रेटरी, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. त्या यादीत जागा फक्त मरणाने रिकामी होई आणि बहुधा मुलाकडे जाई.

धुतला जायचा तो एक पाय, उजवा. बाराही जण दुपारी घरी तो साबणाने धूत, नखं काढत, पावडर लावत, नवा मोजा चढवत. फादर त्यावर तीन थेंब पाणी सोडत, टॉवेल टेकवत आणि चुंबन घ्यायला वाकत. ओठ पायापासून चार बोटं वर थांबत. बारा पाय एका गाण्यात आटोपत.

ते बारा टॉवेल मग मावशीकडे येत. एका वर्षी मी तिला ते उन्हाकडे धरताना पाहिलं. एक, दोन, तीन, असे बाराही. नाकाला लावले.

"मळ कोठी हाय गा बाबू?"

"म्हणजे?"

"बारा मानसायचे पाय पुसले, आन् मळ नाई. पावडरचा वास येऊन राहिला. मी काय धुऊ याच्यात?"

मी हसलो. ती हसली नाही. तिचा नवरा त्या वेळी कंपाउंडच्या भिंतीला पाठ टेकून बसला होता. त्याच्याकडे तिने एकदा पाहिलं आणि टॉवेल घमेल्यात टाकले.

तो इतवारीच्या बाजारात हातगाडी ओढायचा. धान्याची पोती, तेलाचे पिंप, काय मिळेल ते. चाळीस वर्षं अनवाणी. पूर्वी तो मावशीबरोबर मिस्सेला यायचा. एका ईस्टरला नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून तो आत येत असताना सेक्रेटरींनी त्याला दारात थांबवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "पाय पाहिले का स्वतःचे?" त्याने पाहिले. मग वळला आणि बाहेर गेला. तेव्हापासून दर रविवारी तो मावशीला दारापर्यंत सोडायचा आणि मिस्सा संपेपर्यंत भिंतीशी बसायचा. सात वर्षं. भांडण नाही, तक्रार नाही. कोणी आत चल म्हटलं तर म्हणायचा, "इथूनबी आयकू येते."

मावशीला हवं होतं ते इतकंच, की तो मरायच्या आत एकदा आत यावा. त्यासाठी तिने दर उपवासकाळात सेक्रेटरींचं दार धरलं.

"साहेब, एक डाव आमच्या बुड्याचं नाव टाका ना बारामंदी."

"मावशी, लिस्ट फायनल झाली. पुढच्या वर्षी बघू."

"दुसऱ्या कोणत्या कामाले बलवा म्हनत नाई मी. त्यायले पायावरून बाहेर काढलं. पायासाठीच आत बलवा."

"पुढच्या वर्षी."

ते वर्ष आणीबाणी उठल्याचं. आणीबाणी उठून दोन-तीन आठवडे झाले होते आणि ज्याला लिहिता येत होतं तो प्रत्येक जण पत्रक काढत होता. मीही काढलं. सायक्लोस्टाइल मशीनवर दोनशे प्रती. मथळा होता 'पुरोहितशाहीचे ढोंग'. त्यात शोषण होतं, सरंजामशाही होती, उद्गारचिन्हं होती. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी मी ते फाटकावर वाटलं आणि अभिमानाने मावशीला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पन यात आमचे बुडे कोठी हायेत?"

नव्हते. दोन पानांत एकही माणूस नव्हता.

"आता सेक्रेटरी अजूनच चिडतीन," ती शांतपणे म्हणाली. "तूच जा त्यायच्याकडे. कागद नको नेऊ."

मी गेलो. सुदैवाने बारांपैकी एक वकील मुलीच्या बाळंतपणासाठी जबलपूरला गेले होते आणि त्यांचा मुलगा गोवर होऊन पडला होता. सेक्रेटरींनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. अकरा पायांचा विधी करता येत नाही, ही अडचण त्यांच्या ध्यानात आली. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण पाय नीट धुवून यावं. नखं काढावी. चप्पल घालावी. आणि वेळेवर."

मावशीने हे घरी सांगितलं तेव्हा मी दारातच उभा होतो. म्हातारा विडी विझवत म्हणाला, "धुवूनच जायचं तं मंग फादर काय धुतीन?"

"तुमी या फकस्त," मावशी म्हणाली. "बाकीचं मी पाहून घेईन."

गुरुवारी व्यापाऱ्याने त्याला लवकर सोडलं नाही. मिस्सा सुरू झाली, वाचन झालं, प्रवचन झालं. कठड्याच्या आत, वेदीपुढे बारा खुर्च्या, अकरा माणसं. सेक्रेटरी घड्याळ बघत होते. मावशी सतरंजीवरून उठून दारात जाऊन उभी राहिली होती.

तो आला. हातगाडी फाटकाशी लावून, घामाने निथळत, अनवाणी. इतवारीतल्या रस्त्यावर त्या दिवशी नवं डांबर टाकलं होतं आणि एप्रिलच्या उन्हात ते बसलंच नव्हतं. त्याचे दोन्ही तळवे काळेकुळकुळीत होते. दाराशी आल्यावर त्याने खाली, फरशीकडे पाहिलं आणि थांबला. मावशीने त्याचं मनगट धरलं.

"चला."

"अवं, पाह्य तं पाय."

"पाह्यले. चला."

दारापासून बाराव्या खुर्चीपर्यंत काळे ठसे उमटले. सेक्रेटरी अर्धवट उठले आणि पुन्हा बसले, कारण पुढल्या बाकांसमोर आरडाओरडा करणं शोभलं नसतं.

अकरा पाय नेहमीप्रमाणे झाले. फादर म्हातारे, गुडघ्यांनी बेजार; बाराव्या पायापाशी कण्हतच टेकले. तीन थेंब सोडले. थेंब डांबरावरून मोत्यासारखे घरंगळले. आणखी ओतलं. टॉवेलने पुसलं. टॉवेल चिकटला.

"राहू द्या फादर," म्हातारा अगदी हळू म्हणाला. पण गाणं तेवढ्यात संपलं होतं आणि सगळ्यांना ऐकू गेलं. "डांबर हाय. पान्यानं नाई निघत. मातीचं तेल लागते." आणि तो पाय मागे घेऊ लागला.

सेक्रेटरींनी गायकवृंदाला हाताने खूण केली: चला, पुढे चला. फादर तसेच टॉवेल धरून बसलेले. मी मागून बघत होतो. मला कळत होतं की तो पाय मागे गेला की माणूस उठेल, त्याच ठशांवरून परत जाईल, आणि मग कोणाच्याही यादीने आत येणार नाही.

बाजूच्या दाराचा आवाज झाला. मावशी फादरांच्या स्वयंपाकघरातून आली होती. एका हातात रॉकेलची बाटली, दुसऱ्या हातात फडकं. वेदीच्या कठड्याच्या आत बायका जात नसत. ती गेली.

"फडकं भिजवा फादर. असं टेकवून नाई होत. दाबा. आंगठ्याकून टाचेकडे ओढा."

त्या चर्चमध्ये फादरांना काय करायचं ते कोणी कधी सांगितलं नव्हतं. बिशपसुद्धा पत्राने कळवत. फादरांनी वर पाहिलं, फडकं घेतलं आणि ओढायला लागले.

"जोर लावा जरासा."

त्यांनी जोर लावला. गायकवृंदाने तेच गाणं पुन्हा सुरू केलं, संपवलं, तिसऱ्यांदा सुरू केलं आणि मध्येच सोडून दिलं. मग नुसता फडक्याचा आवाज. धूप आणि रॉकेल यांचा मिळून जो वास होतो तो मी तेव्हा पहिल्यांदा घेतला. पहिल्या बाकावरच्या बाईंनी रुमाल नाकाला लावला. डांबराखालून हळूहळू पाऊल दिसू लागलं: भेगा, एक चेपलेली नख नसलेली करंगळी, जुन्या जखमेचा पांढरा व्रण.

पाय स्वच्छ निघाला. सगळ्यांनी श्वास सोडला. आणि फादर म्हणाले, "दुसरा द्या."

तुम्ही तिथे असायला हवं होतं. फक्त त्या म्हाताऱ्याकडे नव्हे, बाकीच्या अकरांकडे बघायला. कंत्राटदारापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकाने आपला डावा बूट खुर्चीखाली ओढून घेतला.

दुसराही झाला. साबण, पाणी, कोरडा टॉवेल. मग फादर चुंबन घ्यायला वाकले. त्यांचे ओठ किती बोटं वर थांबले ते मला दिसलं नाही. माझ्या डोळ्यांत रॉकेल गेलं होतं असं समजा.

म्हातारा बाहेर गेला नाही. सतरंजीवर जाऊन बसला. गुड फ्रायडेला तीन तासांची प्रार्थना त्याने आतच काढली, आणि ईस्टरच्या सकाळच्या मिस्सेला तर आतल्या भिंतीला टेकून घोरला. सोमवारी मी मावशीला म्हटलं, "मावशी, बाबा काल प्रवचनात झोपले होते."

ती कपडे पिळत होती. "झोपले तं झोपले," ती म्हणाली. "आतमंदी झोपले."

बारा टॉवेलांपैकी एक तिने वेगळा ठेवला होता. सेक्रेटरींनी तो फेकायला सांगितला. तिने तो उन्हाकडे धरला, नाकाला लावला आणि म्हणाली, "हा धुवाले मजा येईन."

कमिटी मात्र स्वस्थ बसली नाही. ईस्टरनंतरच्या बैठकीत असं ठरलं की श्रमिकांचा सहभाग स्वागतार्ह आहे, मात्र तो सुनियोजित असावा. पुढच्या वर्षी यादीत 'कामगार प्रतिनिधी' म्हणून एका गोदामाचे सुपरवायझर आले. बूट चकचकीत, उजव्या पायाला पावडर. म्हातारा तोवर नव्हता. डिसेंबरच्या थंडीत छाती भरून आली आणि चार दिवसांत गेला. ईस्टरपासून डिसेंबरपर्यंत त्याचा एकही रविवार भिंतीशी गेला नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्यानंतर मावशी हुडकेश्वरकडे लेकीच्या घरी राहायला गेली. तिकडे तेव्हा शेतंच होती, चर्चला यायला सोय नव्हती. मी एकदा भेटून आलो. पुन्हा जायचं म्हणून ठेवलं आणि तिच्या मातीलाच पोचलो. चर्चचे कपडे आता लाँड्रीत जातात. कडक इस्त्री होऊन, निळीचा वास घेऊन येतात. त्यांच्याकडे बघून कोण खरं बोललं, कोण खोटं, हे आता कोणालाच सांगता येत नाही, आणि कमिटीचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

मी अजून पत्रकं काढतो. पण हे पत्रक नाही आणि तुम्ही ते कोणाला वाटू नये. त्याऐवजी एक करा. येत्या रविवारी मिस्सा सुरू झाली की तुमच्या जागेवरून उठा, लोकांनी बघितलं तरी उठा, आणि कंपाउंडच्या भिंतीशी कोण बसलं आहे ते पाहून या. कोणीतरी असतंच. त्याला इथूनही ऐकू येतं असं तो म्हणेल. ऐकू नका त्याचं. हाताला धरून आत आणा, आणि तुमच्या बाकावर सरकून बसा.