प्रत माहितीस्तव

आमच्या कॉलनीच्या मागून एक ओहळ जातो. कागदोपत्री त्याला नैसर्गिक नाला म्हणतात, पण कॉलनीत कुणी इतकं सभ्यपणे त्याचं नाव घेत नाही. उन्हाळ्यात त्यात पाण्यापेक्षा प्लास्टिक जास्त असतं आणि वासामुळे आमच्या मागच्या खिडक्या बंद असतात. तरी पावसाळ्यात तो भरून वाहायला लागला की मी चहाचा कप घेऊन मागच्या गॅलरीत उभी राहते. निवृत्त झाल्यापासून उभं राहायला माझ्याकडे भरपूर वेळ आहे.

त्या गॅलरीतूनच मला पहिला डंपर दिसला. ओहळाच्या खालच्या अंगाला, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, लग्नाचं लॉन्स आहे. नाशकात हल्ली लग्न म्हटलं की लॉन्स, आणि लॉन्स म्हटलं की चारचाकींची रांग. मालकाला पार्किंग कमी पडत होतं. त्याने ओहळात सिमेंटचे दोन पाइप टाकले आणि वर मुरूम ओतायला सुरुवात केली. पाइपांची तोंडं घरातल्या पिंपाएवढी असतील-नसतील. पाच-सहा दिवसांत तेवढ्या भागातला ओहळ जमिनीखाली गेला.

मला माझी काळजी नव्हती, मी दुसऱ्या मजल्यावर राहते. पण गॅलरीच्या बरोबर खाली, ओहळाच्या काठाला, दोन खोल्यांचं एक बैठं घर आहे. तिथे ब्लाउज शिवणारी एक बाई राहते. मूळची हरसूलकडची. नवरा गेल्यावर तिने शिवणावर मुलीला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं, आणि आता एकटी असते. पुढच्या खोलीत एक शिलाई मशीन आणि एक पिको-फॉलचं, दोन्ही जमिनीवर, भिंतीला लागून. पाणी पुढे निघालं नाही तर मागे फिरणार, आणि मागचं पहिलं घर तिचंच. हे कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही.

मी तक्रार करायचं ठरवलं आणि सह्यांसाठी कॉलनीत फिरले. सगळ्यांनी चहा दिला, सही कुणी दिली नाही. सगळ्यांचे साखरपुडे, बारशी, डोहाळजेवणं त्याच लॉन्सवर झालेली, आणि मालक बोलायला गोड माणूस. आमच्या जिन्यातले एक गृहस्थ म्हणाले, "ताई, रिटायर झालात तरी तुमची फाइल काही सुटत नाही." मी हसले, पण मनातून चिडले होते.

मग एकटीनेच अर्ज लिहिला. सारी नोकरी मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काढली. अर्ज कसा लिहावा हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, उलट नवीन मुलांना मीच शिकवायची. विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयास अनुसरून', मग मुद्देसूद मजकूर. सोबत फोटो जोडले. खाली डाव्या बाजूला 'प्रत माहितीस्तव सविनय सादर' आणि त्याखाली क्रमाने नावं. विभागीय कार्यालयाचे अधिकारी, तहसील, तलाठी, आणि शेवटी संबंधित जागामालक. आमच्याकडे संबंधिताला प्रत नसली तर साहेब पत्र सहीशिवाय परत पाठवायचे. सवयीने हात चालला. ते पान पुन्हा वाचताना मला फार बरं वाटलं, नोकरीतसुद्धा इतका नेटका कागद क्वचितच झाला असेल.

महापालिकेच्या कार्यालयात मी स्वतः गेले आणि अर्जावर शिक्का घेतला. लॉन्सच्या बाजूला खालच्या बाईला कुणाचे तरी ब्लाउज पोचवायचे होते, म्हणून जागामालकाच्या प्रतीचं पाकीट मी तिच्याकडे दिलं. म्हटलं, "गेटवरच्या ऑफिसात दे आणि पोच घेऊन ये. पोचेशिवाय येऊ नकोस." तिने पाकिटावरचं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि ते पिशवीत ठेवलं. संध्याकाळी पोच आणून दिली. मी ती फाइलला लावली.

आठवड्याभराने पाहणीला एक तरुण इंजिनियर आले. मीही लॉन्सवर गेले. मुरूम टाकला होता त्या जागी हिरवीगार हिरवळ होती. नर्सरीतून गाद्यांसारखी गुंडाळून आणतात तशी ती आणून अंथरली होती. कडेने कुंड्या, मधे पांढऱ्या खुर्च्या. पाइपांची तोंडं बोगनवेलीच्या कुंड्यांआड गेली होती. मालकाने आम्हा दोघांना शहाळी दिली आणि खिशातून माझंच पत्र काढलं. इंजिनियरना म्हणाला, "ताईंनी आधीच प्रत पाठवली होती मला. फार व्यवस्थित काम आहे त्यांचं." त्यात खोटं काहीच नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चोरी कुठे पकडायची आहे हे मी त्याला मुद्देसूद लिहून, वर पोच घेऊन कळवलं होतं. मी शहाळं तसंच खुर्चीवर ठेवलं. इंजिनियरनी विचारलं, "मॅडम, नाला नक्की कुठे आहे?" मी हिरवळीकडे बोट दाखवलं, आणि ते बोट मला स्वतःलाच खुळचट वाटलं.

उत्तर वेळेत आलं. 'प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर ठिकाणी भराव आढळून आला नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' असली वाक्यं मी नोकरीत कितीतरी टाइप केली आहेत. वाचायला कशी लागतात, ते प्रथमच कळलं. मी खाली जाऊन बाईला एवढंच सांगितलं की अर्ज निकाली निघाला. का निघाला, ते सांगितलं नाही. ती मशीनवरून मान वर न करता "बरं" म्हणाली. तिने जास्त विचारलं नाही म्हणून मी सुटल्यासारखी वर आले.

श्रावणात एकदा सकाळपासून पाऊस धरला होता. दुपारी जेवून गॅलरीत आले तर ओहळ उलटा चालल्यासारखा दिसला. पाणी लॉन्सपाशी तुंबून मागे सरकत होतं. मी वरून तिला हाका मारल्या आणि खाली धावले. पोचले तेव्हा पाणी उंबऱ्याच्या आत आलं होतं. शिलाई मशीन आम्ही दोघींनी उचलून खाटेवर ठेवलं. पिकोचं उचलेपर्यंत त्याची मोटर बुडाली होती. गिऱ्हाइकांच्या कापडांचं गाठोडं खालीच राहिलं. जवळच्या बुद्धविहारातल्या बायकांचे वर्षावासासाठी शिवायला आलेले पांढरे ब्लाउजपीस होते, त्यांच्यावर कुणाच्या तरी हिरव्या खणाचा रंग उतरला. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून एकेक तुकडा पिळत होती आणि कुठला कुणाचा ते मला सांगत होती. ती रडली नाही. मला मात्र रडू आलं, ते मी पदराने पुसलं.

पाणी ओसरताच मी तशाच भिजल्या साडीत कार्यालय गाठलं. ह्या वेळी अर्ज बाईचा होता, चार ओळींचा, तिच्याच अक्षरात, माझ्या घरात पाणी आलं एवढाच. प्रत कुणालाही नव्हती. मी त्याच इंजिनियरच्या टेबलासमोर बसले आणि मोबाईलमधले फोटो एकेक करून दाखवले. त्यांनी दोन फोटो मोठे करून पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाही न कळवता ते लॉन्सवर गेले. हिरवळीच्या गाद्या वाहून कुंपणाला अडकल्या होत्या, मुरूम खचला होता आणि काडीकचऱ्याने बुजलेली पाइपांची तोंडं आता उघड्यावर दिसत होती. नोटीस निघाली. गणपती गेल्यावर यंत्र आलं आणि भराव उपसायला लागलं.

त्या दिवशी मी आणि बाई तिच्या दारात उभ्या राहून ते बघत होतो. पिकोचं मशीन दुरुस्त झालं होतं, पण मधेच अडायचं. पहिला पाइप वर आला आणि तुंबलेलं पाणी मोकळं होऊन पुढे गेलं. मला वाटलं, आता सांगितलं पाहिजे. मी म्हणाले, "मागच्या वेळी ते पाकीट त्याला पाठवायलाच नको होतं. चूक माझी होती. तुझं मशीन माझ्यामुळे बुडालं."

ती पाण्याकडेच बघत होती. म्हणाली, "मला तवाच वाटलं व्हतं, ताई. ज्याची तक्रार, त्यालाच कशाला द्यायची. गेटापाशी लय वेळ उभी व्हते मी पाकीट धरून. म्हनलं, माघारी न्यावं का."

"मग आणलं का नाहीस?"

"तुम्ही एवढी वर्सं हापिसात काढली," ती म्हणाली. "म्हनलं, तुम्हाला कळत आसंल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, मला ते जमतं. मला फक्त लाज वाटली. इतकी वर्षं माझ्या टेबलापुढे माणसं हातात कागद धरून उभी राहिली. त्यांच्यातल्या कितीजणांना चूक दिसली असेल, आणि समोरच्या मॅडमना कळत असेल म्हणून ती गप्प राहिली असतील. मी आठवून पाहिलं, पण त्यांतला एकही चेहरा मला आठवेना.